तपासणाऱ्याची सही

नागापूर आणि नागपूर. दोन नावांत फरक एका कान्याचा. नागापूर अहिल्यानगर शहराला लागून, मनमाड रस्त्यावर. औद्योगिक वसाहतीमुळे ते जिल्ह्याबाहेरही ठाऊक झालं आहे. नागपूर राज्याची उपराजधानी. नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ ओढली तरी ती पाचशे किलोमीटर भरते. रोमन लिपीत लिहायला जावं तरी हे अंतर एका ‘ए’पुरतंच उरतं. त्यातही फोनचा कीबोर्ड जास्त वापरातलं नाव आधी पुढे करतो, आणि घाईतला अंगठा तेच दाबतो. बरं, नागापूर तरी एकच आहे का? नांदगाव तालुक्यात मनमाडजवळ एक आहे, परळीजवळ वाण नदीच्या धरणापाशी आणखी एक.

अशा सारख्या नावांनी आणि निरनिराळ्या लिप्यांतल्या पत्त्यांनी टपाल खात्याला पुरतं जेरीला आणलं होतं. त्यावरचा तोडगा १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला: पिन कोड. तो आखणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आणि हे वेलणकर संस्कृतचे कवी व नाटककारही होते. मला यात मोठी संगती दिसते. एका मात्रेने वृत्त मोडतं हे ज्याच्या कानाला माहीत आहे, त्यानेच एका अक्षराने चुकणारं पाकीट वाटेवर आणलं.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीचा पिन ४१४१११. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. ४१ म्हटलं की आपण विदर्भाबाहेर, पुण्याच्या बाजूला आलो. ४१४ म्हणजे नगर. आता यातले दुसरा आणि तिसरा आकडा चुकून उलटे पडू द्या. ४१४ चे झाले ४४१, आणि ४४१ नेमकं नागपूरकडे नेतं! जी गफलत अक्षरांत होती तीच आकड्यांतही दबा धरून बसलेली. पत्ता लिहिताना कान्याकडेही बघायचं आणि आकड्यांच्या क्रमाकडेही.

मग आपण बघत का नाही? आळस, निष्काळजीपणा ही उत्तरं सोपी आहेत आणि बरीचशी चुकीची आहेत. खरं कारण डोळ्यांच्या चालीत आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं. तो सरकत नाही, उड्या मारतो. फ्रान्सच्या लुई एमिल जाव्हाल यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, हे अभ्यासकांना माहीत आहे. डोळा एका जागी सुमारे पाव सेकंद थांबतो, मग पुढच्या जागी झेप घेतो, पुन्हा थांबतो. झेपेच्या त्या क्षणात आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नसतं. प्रत्येक थांब्यावरही स्वच्छ दिसतो तो मधला लहानसा तुकडा. कडेचं सगळं धूसर असतं. उरलेलं मेंदू पुरवतो. संदर्भ, सवय, भाषेची ओळख यांच्या बळावर तो पुढचा शब्द आधीच ताडून ठेवतो, आणि डोळ्याने आणलेला पुरावा अंदाजाशी ढोबळमानाने जुळला की पुढे निघतो.

ही विलक्षण कारागिरी आहे. तिच्याशिवाय आपण एक पानही वेगाने वाचू शकलो नसतो. पण जी शक्ती वाचन शक्य करते तीच चूक लपवते. आणि मजकूर स्वतःचा असेल तर अंदाज इतका पक्का असतो की पुराव्याची गरजच उरत नाही. लिहिणारा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. म्हणून ‘नीट तीनदा वाच’ हा सल्ला पुरत नाही. त्याच डोळ्यांनी त्याच वाटेने तीनदा गेलं तर तोच खड्डा तीनदा ओलांडला जातो. चूक पकडायची तर मजकुराकडे दुसऱ्या वाटेने यावं लागतं: दुसरा माणूस, दुसरा क्रम किंवा दुसरं रूप.

आकड्यांच्या जगाने ही दुसरी वाट आकड्यांच्या पोटातच बांधून घेतली आहे. आधार क्रमांकाचे बारा अंक आठवा. त्यातला शेवटचा अंक तुमच्याबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त आधीच्या अकरा अंकांवर पहारा देतो. याकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने तो काढतात. एखादा अंक चुकीचा पडला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारतं. जीएसटी क्रमांकाचंही तसंच. महाराष्ट्रातल्या कारखान्याचा असेल तर सुरुवातीला २७, मग दहा अक्षरांचा पॅन, आणि पंधराव्या जागी पहारेकरी. पिन कोडला असा पहारेकरी नाही, म्हणूनच ४१४ चा ४४१ बिनबोभाट होऊ शकतो.

असा पहारा लिपीविना, कागदाविना, निव्वळ मुखाने बसवता येईल का? आपल्याकडे तो हजारो वर्षांपूर्वी बसवला गेला. वेदपठणात आधी संहिता सलग म्हणतात, मग पदपाठात एकेक शब्द सुटा करतात. त्यापुढे विकृती, म्हणजे शब्दांचा क्रम फिरवून म्हणायचे प्रकार. अ, ब, क असे तीन शब्द घेतले तर घनपाठात ते असे येतात: अब, बअ, अबक, कबअ, अबक. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. प्रत्येक शब्द पुढून, मागून, शेजाऱ्यासह, शेजाऱ्याच्या शेजाऱ्यासह तपासला जातो. क्रम उलटला की संधी बदलतो आणि स्वरही बदलतात, त्यामुळे पेंगत म्हणणं अशक्य. एखादा शब्द गळाला किंवा दोन शब्दांची अदलाबदल झाली की साखळी तिथेच अडते.

ही विद्या अजून जिवंत आहे आणि तिचा एक धागा याच जिल्ह्यात आहे. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने २०२५ साली काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण केलं: सुमारे २००० मंत्र, सलग ५० दिवस. दंडक्रमात शब्दांची साखळी वाढवत पुढे न्यायची आणि टप्प्याटप्प्यावर ती उलटी म्हणत मागे यायचं. त्याकडे धार्मिक व्रत म्हणून पाहावंच. पण मजकूर शतकानुशतकं अक्षरशः तसाच ठेवण्याचं तंत्र म्हणूनही पाहा, म्हणजे अचंबा दुप्पट होतो.

तुमच्याआमच्या मराठी मजकुराला मात्र यातलं कुठलंच कवच नाही. त्याला माणूसच लागतो. असा माणूस किती मोठं काम करू शकतो याचं आपल्या भाषेतलं सर्वांत थोर उदाहरण नागापूरपासून साठेक किलोमीटरवर सुरू होतं, नेवाशात.

प्रवराकाठच्या नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. तिथून पुढे नकलांचा प्रवास. नक्कल करणारा भक्तिभावाने बसलेला असला तरी डोळे त्याचेही उड्याच मारणारे. दोन ओव्या एकाच शब्दाने संपल्या की नजर पहिलीवरून दुसरीवर जायची आणि मधला मजकूर गळायचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ हे फसवे शेजारी. ‘ख’ सुटा पडला तर ‘रव’ वाचला जायचा. कुणी समासात अर्थ लिहून ठेवायचा, पुढचा नकलाकार तो ओळीत घ्यायचा. आणि सगळ्यांत अवघड प्रकार म्हणजे प्रेमाचा: एखाद्या भाविकाला आपलीही ओवी सुचायची, आणि ती तो ग्रंथातच घालायचा.

जुन्या पोथ्यांत चुका दुरुस्त करायची साधनंही होती. गळलेला शब्द ओळीच्या वर किंवा समासात लिहून जागेवर हंसपदाची खूण करायची. चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळं खनिज, फासून ते झाकायचं. जुन्या हस्तलिखितांतले ते पिवळे डाग पाहिले की मला शाईतल्या अक्षरांइतकाच त्यांचाही आदर वाटतो. कुणीतरी इथे थांबलं होतं.

पण प्रत्येक नकलाकार आपापल्या समोरच्या प्रतीपुरतं दुरुस्त करणार. प्रती एकमेकींपासून दूर जात राहिल्या. जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणला एकनाथांनी ग्रंथ शुद्ध करण्याचं काम हाती घेतलं आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पुरं केलं. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी काही ओव्यांत याची नोंद करून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं असं की ग्रंथ मुळात अतिशय शुद्धच होता. पाठभेदांमुळे त्यात शुद्ध-अशुद्ध मिसळलं, ते शोधून ही प्रत शुद्ध केली. किती नेमकं विधान आहे हे! दोष ग्रंथकर्त्याचा नाही, प्रवासाचा आहे. आणि माझं काम नवं रचण्याचं नाही, शोधण्याचं आहे. शेवटी इशाराही आहे: या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं.

हा इशारा देणारा माणूस कोण होता हे विसरू नका. त्याआधी अकरा वर्षं, १५७३ साली, त्यांनी काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं होतं. ओवी त्यांच्या हातात सहज खेळत असे. एखादी संशयास्पद ओवी काढून तिच्या जागी स्वतःची, कदाचित अधिक सुंदर, ओवी घालणं त्यांना मुळीच अवघड नव्हतं. मुद्रितशोधनाचा खरा कस इथे लागतो. दुसऱ्याच्या मजकुरात स्वतःला न घालणं ही चूक पकडण्याहूनही कठीण गोष्ट आहे, आणि माझ्या मते एकनाथांचं मोठेपण त्यांच्या लिहिण्याइतकंच या न लिहिण्यात आहे.

काम संपल्याची तिथीही त्यांनी नोंदवली: भाद्रपदातली कपिलाषष्ठी. आज महाराष्ट्रात ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते ती भाद्रपद वद्य षष्ठीला. म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या ग्रंथाचा वाढदिवस आपण साजरा करतो तो ग्रंथ सांगून झाला त्या दिवशी नव्हे. त्याची तपासणी पूर्ण झाली त्या दिवशी!

याच कामाचं विसाव्या शतकातलं रूप पुण्यात उभं राहिलं. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रकल्प घेतला, विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला पद्धत दिली आणि १९६६ मध्ये तो पूर्ण झाला. १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. या आवृत्तीतली एक गोष्ट मला फार भावते. जिथे पाठाबद्दल संपादकांना खात्री नव्हती, तिथे त्या अक्षरांखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. शंका लपवली नाही, वाचकासमोर ठेवली.

छापखाना आला आणि चुकीची जातच बदलली. हाताने उतरवलेल्या नकलेतली चूक एका प्रतीत राहते; खिळ्यातली चूक हजार प्रतींत जाते. मुंबईतल्या जुन्या देवनागरी जुळणीत मात्रा, वेलांट्या, रफार यांचे खिळे वेगळे असत आणि ते अक्षरांच्या वर-खाली बसवावे लागत. एखादी वेलांटी सरकली, एखादा अनुस्वार तुटला की शब्द दुसराच. जावजी दादाजींनी तरुणपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली काम केलं. याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं होतं. पुढे जावजींनी निर्णयसागर छापखाना उभारला आणि त्याची संस्कृत पुस्तकं शुद्धतेसाठी नावाजली गेली. त्यामागे सुबक टाइप होताच, शिवाय काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे विद्वान प्रुफांवर बसलेले होते. जुन्या छापखान्यांत दोघांनी मिळून प्रूफ वाचण्याची रीत होती: एकाच्या हातात मूळ प्रत, तो मोठ्याने वाचणार, विरामचिन्हंसुद्धा उच्चारून, दुसऱ्याची नजर छापलेल्या कागदावर. डोळ्याच्या अंदाजाला कानाने लगाम घालायचा.

आता नागापूरला परत येऊ, कारण इथल्या कारखान्यांच्या शेडमध्ये तपासणीचा अर्थ कुठल्याही छापखान्याइतकाच स्वच्छ दिसतो. यंत्रभागाच्या ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असतं: २५ एच ७. यातला ‘एच’ मोठ्या लिपीतला असेल तर ते भोकाचं माप, आणि २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरपर्यंत चालतं. तोच ‘एच’ लहान लिपीतला असेल तर ते शाफ्टचं माप, आणि २४.९७९ ते २५.००० मध्येच बसावं लागतं. कॅपिटल आणि स्मॉल! पत्रात हा फरक कुणी मनावर घेणार नाही. इथे त्याने मापाची दिशाच उलटते. फरक २१ मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम एक तृतीयांश. पण तेवढ्याने शाफ्ट बोअरमध्ये जात नाही आणि सगळा लॉट रिजेक्ट होतो.

म्हणून ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, तीन रकाने असतात: कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. प्रत्येकासमोर सही आणि तारीख. एकनाथांनी ग्रंथाच्या शेवटी नाव, शक, महिना आणि जागा नोंदवली तीच ही रीत. तपासणारा हा जबाबदार माणूस आहे, त्याला नाव आहे, आणि चूक निघाली तर उत्तर त्यानेही द्यायचं आहे.

आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसातून जाणारं पत्र? कोटेशन, परचेस ऑर्डर, नोटीस, कामगाराच्या हातात पडणारा आदेश? ते बहुतेक ठिकाणी एकच जण लिहितो, तोच वाचतो, तोच पाठवतो. लेथवरच्या जॉबला तपासनीस आहे, त्या जॉबची किंमत सांगणाऱ्या कागदाला नाही. ही विसंगती मला खरोखर बोचते. ब्रिटनमध्ये २००९ साली कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाने ‘टेलर अँड सन्स’ ही कंपनी दिवाळखोरीत गेल्याचं नोंदवलं. बुडाली होती वेगळीच ‘टेलर अँड सन’. एक ‘एस’ जास्तीचा. १७९५ पासूनची ती अभियांत्रिकी कंपनी. नोंद दुरुस्त होईपर्यंत पुरवठादारांनी आणि ग्राहकांनी पाठ फिरवली, कंपनी खरोखरच बुडाली आणि अडीचशेच्या आसपास लोकांचे रोजगार गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने त्या कार्यालयाला जबाबदार धरलं. गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत.

संगणकाचा शब्दतपासनीस मदत करतो, पण तो शब्द ओळखतो, हेतू ओळखत नाही. ‘अर्ज अमान्य’मधला ‘अ’ पडला तर उरलेला ‘मान्य’ अगदी शुद्ध शब्द आहे. फलकावर शिक्षक दिनाचा ‘शिक्षक दीन’ होतो तेव्हा ‘दीन’ही कोशातलाच. सध्या आपल्या जिल्ह्यात तर याची रोजची परीक्षा चालू आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. लेटरहेड, शिक्के, पाट्या, बिलं सगळं बदलायचं. एका बटणाने फाइलभर नाव बदलता येतं, आणि तिथेच ठेच लागते. जुन्या खरेदीखतातला उतारा द्यायचा तर त्यात तेव्हा होतं तेच नाव हवं. एखाद्या संस्थेचं नोंदणीकृत नाव जिल्ह्याबरोबर आपोआप बदलत नाही. इतिहासाच्या मजकुरात निजामशाही अहमदनगरचीच राहायला हवी. प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवायला माणूस लागतो.

त्या माणसाने करायचं काय, ते या सगळ्या जुन्या लोकांनी सांगून ठेवलंच आहे. क्रम बदला: पत्र शेवटच्या ओळीपासून वर वाचा. रूप बदला: पडद्यावरचं कागदावर छापा, अक्षर मोठं करा. कान वापरा: रक्कम, तारीख, खातेक्रमांक एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मूळ कागद धरावा. नावं, आकडे आणि ‘न’, ‘नाही’, ‘अ’ यांच्यासाठी एक वेगळी फेरी ठेवा, कारण नुकसान बहुतेक तिथेच होतं. शंका असेल तिथे खूण करा आणि लिहिणाऱ्याला विचारा; मनाने बदलू नका. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आला तर साहित्य महामंडळाचे अठरा नियम आहेत, अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश आहे, यास्मिन शेख यांची मराठी लेखन मार्गदर्शिका आहे. या दोघांनी आयुष्यातली वर्षानुवर्षं या कामाला दिली. त्यांची पुस्तकं टेबलावर असायला हवीत.

आणि कार्यालय चालवणाऱ्यांना, प्रकाशकांना माझी एक विनंती आहे. पुस्तकाच्या श्रेयपानावर मुखपृष्ठकाराचं नाव असतं, अक्षरजुळणी करणाऱ्याचं असतं. मुद्रितशोधकाचं अनेकदा नसतं. ते छापा. त्याला कामासाठी पुरेसे दिवस द्या आणि मोबदला वेळेवर द्या. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या पत्राच्या कार्यालयीन प्रतीवर ‘लिहिणार’च्या शेजारी ‘तपासणार’ असा एक रकाना आखा, आणि लिहिणाऱ्याने तो स्वतः भरायचा नाही असा नियम करा.